गोरेवाड्यात झेब्रा आला तर आपल्या हरणांचं, घोड्यांचं काय? (खुरवाल्या प्राण्यांचे साथीचे रोग)

गोधनीकर
नमस्कार मंडळी. मी गोधनीकडे राहतो, रोज सकाळी गोरेवाडा तलावाच्या बाजूने फिरायला जातो. परवा अलीकडच्या माळावर काठेवाडी मेंढपाळांचा तांडा उतरला होता, दोन उंट, गाढवं, शंभर-दीडशे मेंढ्या, बाजेवर गोधड्या, चूल पेटलेली. अन् त्यांच्यापासून जेमतेम पन्नास पावलांवर दोन नीलगायी चरत होत्या, मध्ये ना कुंपण ना नाला. मेंढ्या चरता चरता जिथे शिंकल्या त्याच गवतात थोड्या वेळाने नीलगाय तोंड घालत होती. मी तिथेच उभा राहून पाहत राहिलो.

डोक्यात विषय आला तो असा. आपलं गोरेवाड्याचं प्राणीसंग्रहालय 26 जानेवारी 2021 ला सुरू झालं, सफारीत नीलगाय, चितळ, सांबर आहेत. आता पुढे आफ्रिकन सफारी येणार असं बरेच दिवस ऐकून राहिलो. म्हणजे झेब्रा येईल, जिराफ येईल, त्यांच्याकडची हरणं येतील. डिसेंबर 2024 मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूने गेले, ती बातमी वाचली तेव्हापासून माझ्या मनातून हे जात नाही. ते मांसाहारी होते, खाण्यातून आलं असेल म्हणून सोडून देता येतं. पण खुरवाले प्राणी, जे एकाच गवताला तोंड लावतात, त्यांच्यात एकापासून दुसऱ्या जातीत विषाणू जातो का? जात असेल तर कोणापासून कोणाला? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

सीताबर्डी_लोकल
जातो ना भाऊ, का नाही जाणार. आमच्या ऑफिसात एक शिंकला की आठवड्यात सगळा फ्लोअर झोपतो, तिथे तर सगळे एकाच ताटात जेवतात :)

काटोलचा_संत्रा
लाळ्या खुरकूत. आणखी काय सांगू. 

बरं सांगतोच. मी नववीत होतो तेव्हा आमच्या दोन बैलांना झाला होता. सकाळी बाबा गोठ्यात गेले तर पांढऱ्या बैलाच्या तोंडातून लाळेची तार थेट जमिनीपर्यंत, तुटतच नव्हती, अन् तो मागचा पाय सारखा झटकत होता जसं काही खुरात खडा अडकलाय. बाबांनी जीभ बाहेर ओढली तर वरचं कातडं हातात आलं, ओल्या कागदासारखं. मग रोज तोंड धुवायचं पोटॅशच्या जांभळ्या पाण्याने, ग्लिसरीनमध्ये बोरिक पावडर कालवून जिभेला लावायची, खुरं धुवून माश्या बसू नये म्हणून औषध. ऐन पेरणीच्या दिवसात दोन महिने बैल उभेच. मेले नाहीत पण एक बैल नंतर उन्हात धापा टाकायचा, तो कामाचा राहिला नाही. शेजारच्या जंगलात त्या वर्षी लंगडी हरणं दिसली असं गुराखी सांगत होते.

रानवैद्य
गोधनीकर, प्रश्न फार मोलाचा विचारलात. मी पशुसंवर्धन खात्यात बत्तीस वर्षं नोकरी केली, हिंगणा, काटोल, रामटेक सगळे दवाखाने झाले. जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

काटोलच्या मित्राने लिहिलं ते शंभर टक्के बरोबर. लाळ्या खुरकूत दोन खुरांच्या जवळजवळ प्रत्येक प्राण्याला होऊ शकतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, चितळ, सांबर, काळवीट, नीलगाय, गवा. एकखुरी घोडा, गाढव, झेब्रा यांना होत नाही, पण हत्तीला होतो. विषाणूचे सात प्रकार आहेत, आपल्याकडच्या लसीत ओ, ए आणि एशिया-1 हे तीन असतात. एका प्रकाराची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला चालत नाही. रोग बरा झाल्यावरही काही जनावरांच्या घशात विषाणू राहतो, आफ्रिकन रानम्हशीत तर पाच पाच वर्षं सापडलाय.

पण तुमच्या मेंढ्या आणि नीलगायींच्या दृश्यावरून मला दुसराच रोग आठवला, ज्याचं नाव आपल्या गावात कोणी घेत नाही. मॅलिग्नंट कॅटारल फीवर, एमसीएफ म्हणतात. हा हर्पीस कुळातला विषाणू. मेंढ्यांमध्ये त्याची एक जात राहते, आफ्रिकेतल्या वाइल्डबीस्ट नावाच्या मोठ्या हरणांमध्ये दुसरी, शेळ्यांत तिसरी, आयबेक्स या रानशेळ्यांमध्ये आणखी एक. गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की ज्याच्या अंगात तो राहतो त्याला काहीच होत नाही. मेंढी टुणटुणीत असते. कोकरू काही महिन्यांचं झालं की नाकाच्या स्रावातून विषाणू टाकायला लागतं, सहा ते नऊ महिन्यांच्या वयात सगळ्यात जास्त. आणि शेजारी गवा, बायसन, हरिण किंवा बांतेंग जातीची गाय असेल तर तिला तो जिवावर उठतो. ताप 105-106 फॅरनहाइटच्या वर, नाकातून घट्ट शेंबूड वाळून खपल्या, तोंडात चट्टे, आणि डोळ्याचं बुबुळ कडेपासून आत पांढरं होत जातं. दोन-चार दिवसांत जनावर आंधळं होऊन भिंतीला डोकं टेकून उभं राहतं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला कधी तीन आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. त्यामुळे मेंढ्या केव्हाच पुढच्या गावाला गेलेल्या असतात आणि दोष कोणाकडे जातो, तर चाऱ्याकडे नाहीतर पाण्याकडे.

एक दिलासा आहे. आजारी गवा दुसऱ्या गव्याला हा रोग देत नाही, तिथे साखळी थांबते.

सीताबर्डी_लोकल
नाकाडोळ्यातून पाणी म्हटलं की मला सावजी रस्साच आठवतो पण डॉक्टरसाहेब तुमचं वाचून अंगावर काटा आला. किती अंतर ठेवलं तर चालतं?

रानवैद्य
अमेरिकेत आयडाहोमध्ये मेंढ्यांच्या मोठ्या गोठ्यापासून पाच किलोमीटरवरच्या कळपातले बायसन दगावल्याची नोंद आहे. तिथे मेंढ्या हजारोंच्या संख्येने होत्या अन् वारा त्या दिशेचा. शे-दीडशेच्या तांड्याला तेवढं अंतर लागणार नाही. विषाणू तसा नाजूक असतो, कोरड्या उन्हात लवकर मरतो, आपल्या नागपूरच्या मे महिन्यात तर टिकणं कठीणच. पावसाळी, ढगाळ, थंड हवेत मात्र जपायला पाहिजे.

बजरंगनगरी
मला हे पटत नाही. जंगलात सगळे प्राणी एकत्रच राहतात ना? पेंचमध्ये चितळ, सांबर, गवा, नीलगाय एकाच पाणवठ्यावर येतात, कोण त्यांना वेगळं ठेवतंय. आफ्रिकेत तर झेब्रा अन् वाइल्डबीस्ट खांद्याला खांदा लावून चालतात. अशा धाग्यांमुळे लोक घाबरतात, प्रकल्प अडतो आणि या भागातल्या पोरांचा रोजगार जातो. गोरेवाड्यामुळे आमच्या वस्तीतल्या चार मुलांना काम मिळालंय हे पण लिहा कोणीतरी.

गोधनीकर
बजरंगभाऊ, रोजगाराचं मी मान्य करतो, मनापासून. प्रकल्प होऊ नये असं मी एका शब्दाने म्हटलं नाही. नीट व्हावा म्हणून तर विचारून राहिलो.

मीनल_बर्लिन
मी मूळची लक्ष्मीनगरची, आता बर्लिनमध्ये. इथे जानेवारी 2025 मध्ये काय झालं ते सांगते. शहराला लागून होनोव नावाचं गाव आहे, तिथल्या पाण्यातल्या म्हशींच्या छोट्या कळपात लाळ्या खुरकूत निघाला. चौदा म्हशी होत्या फक्त, तीन आधीच मेल्या होत्या आणि बाकीच्या मारून टाकल्या. जर्मनीत 1988 नंतर पहिल्यांदाच. दुसऱ्याच दिवसापासून बर्लिनची दोन्ही प्राणीसंग्रहालयं, झू आणि टिअरपार्क, लोकांसाठी बंद! त्यांच्या एकाही प्राण्याला काही झालेलं नव्हतं. कारण असं सांगितलं की माणसाला रोग होत नाही पण बुटाला, कपड्याला, गाडीच्या चाकाला लागून विषाणू आत येऊ शकतो. माझ्या मुलाच्या वर्गाची सहल होती, पोरं हिरमुसली. मला मात्र आपल्या गावच्या आजोबांची आठवण झाली, बाजारातून आणलेला बैल ते आठ दिवस चिंचेखाली वेगळा बांधायचे, त्याचा पाणी पाजायचा डबासुद्धा वेगळा.

मेघा_धरमपेठ
थांबा थांबा, माणसाला होत नाही? माझ्या मुलीला गेल्या वर्षी तोंडात अन् तळहातावर फोड आले होते, शाळेच्या ग्रुपवर आया म्हणत होत्या गाईचा रोग आहे, दूध बंद करा. आम्ही पंधरा दिवस दूध बंद केलं होतं.

रानवैद्य
मेघाताई, नाही. मुलांना होतो तो हॅंड-फूट-माउथ वेगळा, त्याचा विषाणू वेगळा, गाईशी त्याचा काही संबंध नाही. लाळ्या खुरकुताला इंग्रजीत फूट-अँड-माउथ म्हणतात, नावं सारखी म्हणून गोंधळ होतो. दूध उकळून खुशाल द्या.

घोडेवाला_पुतण्या
माझा प्रश्न झेब्र्याचा आहे. आमचे काका सक्करदऱ्याकडे वरातीच्या घोड्या ठेवतात, चार आहेत. लग्नसराईत त्यांच्यावर अख्खं घर चालते. झेब्र्यापासून घोडीले काही होते का? काकाले विचारलं तर ते म्हणे झेब्रा म्हणजे रंगवलेलं गाढव, त्याले काय होते.

रानवैद्य
पुतण्या, काकांना नमस्कार सांग आणि हे वाचून दाखव.

आफ्रिकन हॉर्स सिकनेस नावाचा रोग आहे. झेब्रा हा त्याचा घरमालक, त्याला ताप-बीप जवळजवळ काही येत नाही, पण रक्तात विषाणू चाळीस दिवसांपर्यंत राहू शकतो. घोडा पाहुणा, त्याचा जीव जातो. जोरदार साथीत शंभरातले नव्वद-पंच्याण्णव घोडे मरू शकतात. फुप्फुसात पाणी भरतं, नाकपुड्यांतून साबणाच्या फेसासारखा फेस येतो, सकाळी उभी असलेली घोडी संध्याकाळी पडते. हा एकमेकांना हुंगून होत नाही, चिलटांमधून होतो, ती बारीक चिलटं जी संध्याकाळी शेणाच्या उकिरड्यावर घोंघावतात.

1987 मध्ये स्पेनमध्ये हेच घडलं. माद्रिदजवळच्या एका सफारी पार्कमध्ये नामिबियातून झेब्रे आणले. झेब्रे ठणठणीत. पण त्यांच्या रक्तातून चिलटांनी विषाणू उचलला आणि आसपासचे घोडे मरायला लागले, रोग 1990 पर्यंत हटला नाही. 2020 मध्ये थायलंडमध्ये पाचशेच्या वर घोडे गेले, तिथेही आयात झेब्र्यांवरच संशय होता. आणि आपण त्यातून सुटलेले नाही, 1960 च्या साथीत तो रोग पश्चिम आशियातून भारतापर्यंत आला होता.

म्हणून झेब्रा आणताना नुसता महिना मोजून भागत नाही. कुठल्या देशातून आला, रक्ताची पीसीआर तपासणी झाली का, आणि क्वारंटाईनच्या खोलीला चिलट शिरणार नाही अशी बारीक जाळी आहे का, हे तीन प्रश्न.

घोडेवाला_पुतण्या
वाचून दाखवलं. काका दोन मिनिटं बोललेच नाही. मग म्हणे जाळी आपण पण लावू. बाप्पा, मच्छरदाणीचं कापड कुठल्या गाळ्याचं घ्यावं हे पण सांगा सर.

रानवैद्य
साधी मच्छरदाणी चालत नाही, चिलट दीड-दोन मिलिमीटरचं, त्यातून निघून जातं. त्याहून बारीक विणीची जाळी घ्या. आणि सूर्य मावळायच्या आत घोड्या आत, उजाडल्यावर बाहेर. शेणाचा ढीग तबेल्यापासून लांब. आज आपल्याकडे तो रोग नाहीये पण ही सवय इतर आजारांसाठीही चांगली.

वर्धा_रोडवाली
विषय थोडा बाजूला नेते पण झेब्र्याचंच आहे. जर्मनीत वुपर्टालच्या प्राणीसंग्रहालयात 2010 मध्ये एक पांढरं अस्वल मेंदूच्या आजाराने गेलं, दुसरं आजारी पडून वाचलं. तपासणीत निघाला झेब्र्याशी नातं असलेला हर्पीस विषाणू. अस्वल आणि झेब्रा एका पिंजऱ्यात नव्हतेच. त्याआधी 1993 मध्ये जपानमधल्या एका प्राणीसंग्रहालयात थॉमसन गॅझेल जातीची हरणं मेंदूज्वराने गेली, तोही घोड्यांच्या हर्पीसचा नवा भाऊबंद निघाला आणि पुढे झेब्र्यांच्या रक्तात त्याच्या खुणा सापडल्या.

बजरंगभाऊंना उत्तर यात आहे असं मला वाटतं. आफ्रिकेत झेब्रा आणि गॅझेल सोबत चालतात हे खरं. पण तिथे त्यांना पळायला मैलोन्मैल माळ आहे, घाबरलेला प्राणी दूर जातो, आजारी मागे पडतो. दोन एकरात कोंडल्यावर ताण वाढतो आणि ताण वाढला की हर्पीस जातीचे दबलेले विषाणू डोकं वर काढतात, माणसात परीक्षेच्या दिवसात ओठावर नागीण उठते तसं. आणि पांढरं अस्वल अन् झेब्रा तर या पृथ्वीवर कधी शेजारी नव्हतेच, आपण केले.

बजरंगनगरी
हा मुद्दा पटला ताई. जागेचा विचार मी केला नव्हता.

राखणदार_निवृत्त
मी एका प्राणीसंग्रहालयात बरीच वर्षं राखणदार होतो, नाव घेत नाही, गावही सांगत नाही. लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

तुम्ही सगळे झेब्रा, गवा बोलून राहिले पण मी सांगतो रोग कुठून येते. चाऱ्याच्या गाडीतून येते. आमच्याकडे ज्या ट्रॅक्टर ट्रॉलीतून बरसीम अन् कडबा यायचा तीच ट्रॉली ठेकेदार दुपारी गोठ्यातलं शेणखत वाहायला न्यायचा. मी सांगितलं, पुन्हा सांगितलं, साहेब म्हणे ठेका वरून आहे. मग दुसरी गोष्ट. हरणाच्या गेटवर पत्र्याचा ट्रे ठेवलेला, त्यात फिनाईलचं पाणी, पाय बुडवून आत जायचं. पण ते पाणी तीन तीन दिवस बदलत नव्हते, वर चिंचेचा पाला तरंगायचा, तळाशी चिखल. साहेब लोक आले की त्या दिवशी नवं पाणी.

एक सांबराची मादी होती, माझ्या हाताने खायची. त्या वर्षी खुरी, म्हणजे लाळ्या खुरकूत, आली. ती कुंपणाला अंग टेकून उभी होती, मी गूळ पुढे केला तर जीभ बाहेर काढली अन् परत आत घेतली, खाता येत नव्हतं. डोळ्याने बघत होती. पिलू दूध प्यायला आलं की लाथ मारायची, सडांवर फोड असतील. पिलू तिसऱ्या दिवशी गेलं, वरून काहीच दिसत नव्हतं पिलाला, ना लाळ ना फोड.

आमच्याच घरी दोन म्हशी होत्या तेव्हा, त्यांना आठ दिवस आधी खुरी झाली होती. मी घरून तेच बूट घालून जायचो. कोणी सांगितलंच नव्हतं असं नका जाऊ म्हणून. हे मी आजवर कोणाला बोललो नाही.

रानवैद्य
दादा, हे लिहिलंत यासाठी तुमचे आभार कसे मानू कळत नाही. पिलाला वरून काही न दिसता गेलं ना, त्याचं कारण लहान जनावरात हा विषाणू थेट हृदयाच्या स्नायूवर बसतो. फोड उठायच्या आधीच हृदय बंद पडतं. शवविच्छेदनात हृदयावर वाघाच्या कातडीसारखे पट्टे दिसतात. तुमच्या हातात काही नव्हतं.

आणि फिनाईलबद्दल तर सगळ्यांनी लिहून घ्या, लाळ्या खुरकुताच्या विषाणूला फिनाईल फारसं लागत नाही. त्याला लागतो आपला साधा धुण्याचा सोडा, शंभर लिटर पाण्यात चार किलो. नाहीतर सायट्रिक ॲसिड. हा विषाणू जास्त आंबट किंवा सोड्यासारख्या जास्त क्षारयुक्त पाण्यात टिकत नाही. पण आधी बुटाचा चिखल ब्रशने काढायचा, चिखलाच्या आत औषध पोचत नाही.

मेघा_धरमपेठ
दादा, तुम्ही त्या सांबराला गूळ द्यायला गेलात हेच किती.

(मला बोलायला शब्द नाहीत, पण हे वाचून पुढे जाववत नव्हतं म्हणून लिहिलं.)

काटोलचा_संत्रा
मग चितळ-सांबरांना लसच का देत नाहीत? गाईंना तर गावोगावी टोचतात, कानात बिल्ला मारतात.

वर्धा_रोडवाली
गाईंचा राष्ट्रीय कार्यक्रम 2019 पासून आहे, वर्षातून दोनदा लाळ्या खुरकुताची लस. पण चितळाला सुई टोचायची तर आधी पकडावं लागतं. चितळ आणि काळवीट इतके भित्रे की पकडापकडीत स्नायूंची नासाडी होऊन दोन-तीन दिवसांनी मरतात, कॅप्चर मायोपथी म्हणतात. अन् लस सहा महिन्यांनी परत द्यायची. रोगाने मरतील त्यापेक्षा लसीकरणात जास्त मरायचे.

रानवैद्य
म्हणून लस आतल्यांना नाही, बाहेरच्यांना द्यायची. आसपासच्या गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या. याचं सगळ्यात मोठं उदाहरण बुळकांडी.

आमच्या आजीच्या तोंडी बुळकांडी हा शब्द शिवीसारखा यायचा. हगवण लागून गोठेच्या गोठे रिकामे. 1968 मध्ये बंडीपूर-मुदुमलाईच्या बाजूला याच रोगाने गवे मोठ्या संख्येने मेले. आफ्रिकेत 1890 च्या दशकात गुरांतून तो रानात गेला तर गुरांसोबत रानम्हशी, वाइल्डबीस्ट, जिराफ सगळे आडवे झाले. आणि प्राणीसंग्रहालयांचं म्हणाल तर 1865 मध्ये लंडनहून आणलेल्या दोन गॅझेल हरणांबरोबर तो पॅरिसच्या प्राणीबागेत शिरला. 1920 मध्ये आपल्या भारतातून ब्राझीलला निघालेली गुरं वाटेत अँटवर्पच्या बंदरात थांबली आणि बेल्जियममध्ये बुळकांडी पसरली. त्या दणक्यामुळेच 1924 मध्ये पॅरिसला जनावरांच्या आरोग्याची जागतिक संघटना स्थापन झाली.

आता मुद्द्याचं. पूर्व आफ्रिकेत लोकांना वाटायचं रोग रानातल्या प्राण्यांत मुरलाय, तो कधी जाणार नाही. पण सेरेंगेटीच्या भोवतालच्या गुरांना लस टोचायला लागले आणि 1960 च्या दशकात वाइल्डबीस्टमधून रोग आपोआप नाहीसा झाला. एकाही वाइल्डबीस्टला सुई न लावता! त्यांची संख्या अडीच लाखांवरून दहा लाखांच्या पार गेली. आपल्याकडे शेवटची नोंद 1995 ची, आणि 2011 मध्ये जगातून बुळकांडी संपल्याचं जाहीर झालं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीची वर्षं त्या लसीची थर्मासपेटी सायकलला बांधून फिरण्यात गेली, बर्फ वितळायच्या आत गाव गाठायचं. आयुष्यात काय केलं विचारलं तर मी तेच सांगतो.

मीनल_बर्लिन
सर, डोळ्यात पाणी आलं.

सीताबर्डी_लोकल
सायकलवाल्या डॉक्टरांना आपला सलाम. आजपासून तर्री-पोहे तुमचे माझ्याकडून, तारीख सांगा.

घोडेवाला_पुतण्या
मग लम्पी? तो 2022 ले आपल्याकडे जोरात पसरला तव्हा पण हरणाले झाला काय?

वर्धा_रोडवाली
राजस्थानात चिंकाऱ्यांमध्ये सापडला होता त्याच वर्षी. तो पण माश्या, डास, गोचीड यांच्यातून. घोड्यांना नाही होत, काळजी नको.

गोधनीकर
मंडळी, चार दिवस गायब होतो. मूळ प्रश्नाकडे परत येतो कारण मधल्या काळात मी त्या माळावर जाऊन आलो.

तांड्यातल्या आजोबांशी बोललो. मराठी त्यांची आपल्यासारखीच, चाळीस वर्षं इकडेच फिरतात. मी भीत भीत विषय काढला, वाटलं रागावतील, की आलास हाकलायला. ते म्हणाले, बस. चहा दिला. मग एक मेंढी ओढत आणली, तिचं तोंड उघडून दाखवलं, हिरडीवर कोंड्यासारखा पांढरा थर अन् नाकाला चिकट शेंबूड. म्हणाले आठ मेंढ्या अशा झाल्या, तीन गेल्या, जिथे जातो तिथे दवाखान्यात विचारतो तर म्हणतात तुम्ही या तालुक्याचे नाही. त्यांनाच लस पाहिजे आहे! अन् आपण त्यांच्याकडे संशयाने बघतो. कोकरं किती महिन्यांची विचारलं तर म्हणाले सात-आठ. रानवैद्य सरांनी लिहिलेलं वय तेच.

सर, हे तोंडाचं कशाचं आहे?

रानवैद्य
पाहिल्याशिवाय सांगू नये, पण तुम्ही लिहिलंत त्यावरून पहिला संशय पीपीआरचा. शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडीच म्हणा, त्याच कुळातला विषाणू. आणि हा आपल्या विषयाच्या अगदी मध्यावर आहे. 1980 च्या दशकात अमिरातीत अल ऐनच्या प्राणीसंग्रहालयात याने गॅझेल, आयबेक्स, गेम्सबॉक मारले. 2016-17 मध्ये मंगोलियात मेंढ्या-शेळ्यांतून सैगा हरणांत गेला, हजारो मेली. आपली भारतीय लस फार चांगली आहे, एकदा टोचली की तीन वर्षं तरी बघायला नको. पण आजारी कळपात आधी नमुना तपासावा लागतो. निरोगी मेंढ्या आजारी मेंढ्यांपासून आजच्या आज वेगळ्या काढा, पाण्याची घमेली वेगळी. मी उद्या सकाळी सात वाजता येतो. सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात माझे विद्यार्थी आहेत, नमुने तिथे देऊ. एमसीएफला मात्र लस नाही, तिथे अंतर हाच उपाय, तर कोकरं नीलगायींच्या बाजूला सोडू नका एवढं आजोबांना सांगून ठेवा.

राखणदार_निवृत्त
मी पण येतो. मेंढी धरायला माणूस लागते. सोडा घेऊन येतो चार किलो.

बजरंगनगरी
माझ्याकडे छोटा हत्ती आहे, टेम्पो. घमेली, ताडपत्री काही आणायचं असेल तर सांगा.

गोधनीकर
आज सकाळचं सांगतो. सर आले, राखणदार दादा आले, बजरंगभाऊ टेम्पो घेऊन आले. दादांनी आल्या आल्या स्वतःचे बूट काढून सोड्याच्या पाण्यात घासले, मग आम्हा सगळ्यांचे घासायला लावले. सरांनी पाच मेंढ्यांच्या नाका-डोळ्यांचे बोळे घेतले, नळ्यांवर खडूने नंबर, बर्फाच्या डब्यात ठेवून रवाना. रिपोर्ट यायचा आहे. आजारी मेंढ्या ताडपत्रीच्या आडोशाला वेगळ्या केल्या. नीलगायी आज लांब तलावाच्या पलीकडच्या काठाला होत्या.

आजोबा म्हणाले पौर्णिमा झाली की तांडा कळमेश्वरकडे निघणार. सरांचं म्हणणं, रिपोर्ट येईस्तोवर हलू नका, तोवर लागेल तो चारा आपण बघू. तर दोन गोष्टी हव्यात. आठ दिवस पुरेल इतका कडबा किंवा तुरीचं कुटार, अन् कळमेश्वरच्या दवाखान्यात कोणाची ओळख असेल तर, म्हणजे तिथे गेल्यावर बाकीच्यांना लस मिळेल.

काटोलचा_संत्रा
कुटार माझ्याकडे आहे, पंधरा पोती देतो. बजरंगभाऊ, टेम्पो पाठवा, पण चाकं धुवून.

घोडेवाला_पुतण्या
कळमेश्वरले काकाचा मित्र पशुधन पर्यवेक्षक आहे. गोधनीकर भाऊ, नंबर व्यनि करतो.